वडूजहून मुंबईला स्वतःच्या गाडीने

वडूजहून मुंबई ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. पुसेगाव, कोरेगाव, सातारा, पुणे, पनवेल असा रस्ता आहे आणि खटाव-माणच्या बहुतेक घरांतले कुणी ना कुणी घणसोली, कोपरखैरणे, कामोठे किंवा परळ-लालबागला राहत असल्यामुळे मुंबई परकी वाटत नाही. पूर्वी रात्रीच्या एसटीने जाणारी माणसे आता दारातली गाडी काढतात. दवाखाना, लग्न, विमानतळ, मंत्रालयातले काम, कारण कोणतेही असो. रस्ते सुधारले तसा पनवेलपर्यंतचा प्रवास सोपा झाला. शेवटचे ४० किलोमीटर मात्र सोपे झालेले नाहीत आणि फजिती होते ती तिथेच.

प्रस्तुत लेखकाच्या घरात हे एका दिवसात कळले. आजारी चुलत्यांना, आबांना, मध्य मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात सकाळी दहाला दाखवायचे होते. पहाटे साडेतीनला वडूज सोडले, पावणेनऊला कळंबोली आली आणि सगळ्यांना हायसे वाटले. वाशीचा पूल ओलांडायलाच पाऊण तास गेला. परळला खालच्या रस्त्याने जायचे सोडून गाडी लालबागच्या उड्डाणपुलावर चढली. तो पूल थेट भायखळ्याकडे उतरतो, मधे उतरायला जागा नाही. वळसा घालून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले होते. आबांना आत नेण्यासाठी गाडी रस्त्याकडेला लावली, ‘पाचच मिनिटे’ म्हणून. परत येऊन पाहतात तो गाडी टोइंगवाल्यांनी उचललेली, आणि आबांचे केसपेपर, एक्स-रे, रिपोर्ट सगळे डिकीत. फाइल हाती आली तेव्हा ओपीडी बंद झाली होती. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. सत्तरी ओलांडलेला आजारी माणूस तेवढा वेळ बाकावर बसून होता, ही गोष्ट घरातले कुणीही विसरलेले नाही. पुढील माहिती त्या दिवसाच्या चुकांतून आणि नंतरच्या फेऱ्यांतून जमलेली आहे.

तयारी आदल्या दिवशी संध्याकाळी करावी. टायरमधली हवा, स्टेपनीची हवा, ब्रेक, कूलंट आणि वायपर पाहावेत. गावात फिरणाऱ्या गाडीची स्टेपनी वर्षानुवर्षे कुणी तपासत नाही. विमा आणि पीयूसीची मुदत पाहावी. कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये असले तरी चालतात. फास्टॅग रात्रीच रिचार्ज करावा. नाक्यावर उभे राहून भरलेले पैसे वेळेत जमा होतीलच असे नाही, आणि फास्टॅग चालला नाही तर नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो.

टोलबाबत एक गैरसमज वडूज परिसरात बराच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास सगळीकडे चालतो, असे लोक धरून चालतात. तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. आनेवाडी आणि खेड-शिवापूरला तो चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू राज्याच्या यंत्रणांकडे असल्याने तिथे चालत नाही. द्रुतगती मार्गाचा कारसाठीचा ३२० रुपयांचा टोल फास्टॅगच्या शिलकीतूनच कापला जातो. म्हणून पास असला तरी खात्यात जाण्यायेण्याचे ६४० रुपये आणि वर थोडी रक्कम ठेवावी. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर, म्हणजे वाशीलाही, हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही.

निघण्याची वेळ ठरवताना मुंबईत किती वाजता पोचायचे यावरून मागे मोजावे. सकाळी आठ ते अकरा शहरात शिरणारे रस्ते तुंबलेले असतात, संध्याकाळी पाच ते नऊ बाहेर पडणारे. आबांच्या वेळी निघण्याची वेळ पहाटेची होती, पण पोचण्याची वेळ नेमकी गर्दीची निवडली गेली. सकाळी दहाची वेळ मिळालेली असेल तर आदल्या दिवशी दुपारी निघून रात्री पनवेल-नवी मुंबईच्या नातेवाइकांकडे मुक्काम करणे हाच खरा उपाय आहे. पहाटे तीनला उठून गाडी चालवणाऱ्याला सातच्या सुमारास, नेमकी महामार्गावर, डुलकी येते. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाऊ नये. सुट्टी संपवून परतणाऱ्या गाड्यांनी बोरघाट भरलेला असतो.

वडूज ते सातारा हा ओळखीचा रस्ता, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. उसाच्या हंगामात कोरेगावच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत पुसेगावातून गाडी काढायला अर्धा-पाऊण तास जादा धरावा. साताऱ्यात बॉम्बे रेस्टॉरंट चौकात महामार्ग लागतो.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर पडताच उतार आणि लागोपाठची वळणे आहेत. इथे अनेक गाड्या उलटल्या आहेत, तेव्हा वेग बोगद्यातच कमी करावा. याहून धोक्याचा उतार पुढे आहे. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत जातो. चालक गाडी न्यूट्रल करून उतरवतात, अवजड गाड्यांचे ब्रेक तापून निकामी होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका अवजड वाहनाने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली. त्यानंतरही या उतारावर माणसे मेली आहेत. कारवाल्याने इथे खालचा गिअर ठेवावा, पाटीवरचा वेग पाळावा, ट्रकच्या पुढ्यात शिरू नये आणि आरशात मागे लक्ष ठेवावे. पुणे शहरात शिरण्याचे कारण नाही. वारजे, चांदणी चौक, वाकड, किवळे या बाह्यवळणानेच जावे.

किवळे ते कळंबोली हा द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा आहे. कारला १०० ची मर्यादा, घाटात ६०. २०२४ पासून जागोजागी कॅमेरे आहेत. वेग, लेन आणि सीटबेल्ट या तिन्हींचे चालान घरी येते. मागे बसलेल्यांनाही पट्टा लावणे आवश्यक आहे. वडूजमध्ये ही सवय नाही, ती निघतानाच लावून घ्यावी. डावी लेन अवजड गाड्यांची, मधली आपली, उजवी फक्त पुढे जाण्यापुरती. रस्त्याकडेला थांबून डबा उघडणे, पोराला उलटी झाली म्हणून कुठेही गाडी उभी करणे इथे जिवावर बेतते. थांबायचे ते फूड मॉललाच. गाडी बंदच पडली तर सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे, गाडीत बसून राहू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुठेही ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पाठ असावेत.

कळंबोलीनंतर खरा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घरूनच घेतलेला बरा. काम एका माणसाचे किंवा दोघांचे असेल तर गाडी नवी मुंबईत ठेवून लोकलने जावे. सायन-पनवेल रस्त्यावर खारघर, बेलापूर, नेरूळ ही स्टेशने वाटेतच लागतात आणि मुंबईतल्या स्टेशनांच्या मानाने तिथे गाडी लावायला मोकळी जागा आहे. गाडी रात्रभर ठेवता येते का, हे तिथल्या माणसाला आधी विचारावे. पाहुण्यांच्या सोसायटीत लावायची असेल तर फोन करूनच जावे, कारण अनेक सोसायट्यांत बाहेरच्या गाडीला जागा नसते आणि वॉचमनशी हुज्जत घालून ती मिळत नाही. आबांच्या दुसऱ्या फेरीच्या वेळी कामोठ्याच्या पुतण्याने फोनवर सांगितले, “नाना, गाडी आमच्याकडंच लावा. आबांना मी लोकलनं घेऊन जातो, काळजी करू नका.” पहिल्या फेरीला हेच त्याला विचारले गेले नव्हते.

हार्बर मार्गाची लोकल पनवेलहून सीएसएमटीला सव्वा तासाच्या आसपास पोचते. परळ-दादरला जायचे तर कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेची गाडी धरावी. दिव्यांगांसाठीच्या डब्यात कर्करुग्णांना आणि गरोदर बायकांनाही बसता येते, हे गावाकडच्या फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्याला लोकलचे जिने चढवणार नाहीत त्याच्यासाठी नवी मुंबईतून टॅक्सी करावी. टॅक्सीवाल्याला रस्ते माहीत असतात आणि गाडी लावण्याची चिंता आपली राहत नाही. माहीम आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे रिक्षा नसतात, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

गाडी आत न्यावीच लागली तर काही गोष्टी सांभाळाव्यात. उड्डाणपुलाच्या तोंडाशी ‘वरून की खालून’ हा प्रश्न मुंबईत पदोपदी येतो. नकाशाचे अ‍ॅप तो शेवटच्या क्षणी सांगते, कधी सांगतच नाही. जिथे जायचे त्याच्या आधीचे दोन उड्डाणपूल कोणते आणि त्यांवर चढायचे की नाही, हे तिथे राहणाऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहून घ्यावे. नकाशा पाहणारा माणूस पुढच्या सीटवर वेगळा असावा. वळण चुकले तर चुकले. गाडी मागे घेऊ नये, पुलाच्या तोंडाशी थांबू नये, सरळ पुढे जाऊन वळावे. दहा मिनिटे जातात, एवढेच. जुनी माहितीही फसवते. परळ आणि प्रभादेवी जोडणारा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. दहा वर्षांपूर्वी मुंबईत गाडी चालवलेल्या माणसाची आठवण तिथे कामाला येत नाही. दक्षिण मुंबईत थेट जायचे असेल तर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू सोयीचा आहे. तो शिवडीला उतरतो आणि वाशी-चेंबूरची कोंडी टळते. कारला एका वेळचे २५० रुपये पडतात.

रुग्णाला घेऊन जाताना गाडीत चालकाखेरीज आणखी एक धडधाकट माणूस हवाच. दारात रुग्ण आणि सोबतीने उतरायचे, आणि चालकाने गाडी न थांबवता पैसे देऊन लावायच्या जागी न्यायची. ती जागा लांब असली तरी चालेल. केसपेपरची फाइल, औषधे, आधार कार्ड आणि थोडे रोख पैसे सोबतीच्या खांद्यावरच्या पिशवीत असावेत, डिकीत कधीही नाही. गाडी जागेवर दिसली नाही तर घाबरून चोरीची तक्रार करण्याआधी जवळच्या वाहतूक पोलिसाला विचारावे. उचललेली गाडी कुठे नेली ते त्याला समजते.

विमानतळावर जाणाऱ्यांनी तिकीट नीट वाचावे. मुंबईच्या जुन्या विमानतळाचे टर्मिनल १ विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल २ अंधेरी-सहारच्या बाजूला आहे; एका दारातून दुसऱ्याकडे चालत जाता येत नाही. डिसेंबर २०२५ पासून पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावरूनही विमाने सुटतात. तिकीट तिथले असेल तर वाशीचा पूल ओलांडायची गरजच नाही.

जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे हे भाग पाण्याखाली जातात. दुष्काळी भागातल्या चालकाला पाण्यातून गाडी काढायचा सराव नसतो, आणि पुढची गाडी गेली म्हणून आपणही घालावी असे वाटते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काचा बंद असलेल्या गाड्यांत अडकून माणसे दगावली. पाणी चाकाच्या अर्ध्यावर दिसले की गाडी उंचावर उभी करून उतरावे. गाडीचा विमा असतो.

परतताना दुपारी दोनच्या आत नवी मुंबई सोडावी, नाहीतर रात्री तिथेच राहून पहाटे निघावे. दिवसभर रुग्णालयात उभा राहिलेला माणूस रात्री गाडी चालवण्याच्या लायकीचा नसतो, मग तो कितीही सराईत असो. उशीर झालाच तर साताऱ्यात मुक्काम करावा. कोरेगाव-पुसेगावचा शेवटचा पट्टा, समोरून डोळ्यांवर येणारे दिवे आणि बिनदिव्याच्या ट्रॉल्या यांच्यासाठी ताजे डोळे लागतात.

त्या पहिल्या फेरीनंतर आबांना घेऊन मुंबईला आणखी नऊ फेऱ्या झाल्या. गाडी एकदाही वाशीच्या पुलापलीकडे गेली नाही, आणि आबांची वेळ एकदाही चुकली नाही.