मासे सगळ्यात शेवटी

टाकी घ्यायची ठरवलीस ना, मग पोरी, एक ऐकून ठेव. मासे सगळ्यात शेवटी आणायचे. दुकानात गेलीस की टाकी, खडे, पंप आणि पिशवीतले दहा मासे असा सगळा संच एका दमात हातात पडतो. संध्याकाळी टाकी चमकते, आळीतली पोरं बघायला गोळा होतात, आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा उलटा तरंगायला लागतो. मग घरातलं कुणीतरी म्हणणार, घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं. संकट-बिंकट काही नसतं गं. टाकीत अमोनिया साचलेला असतो.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, त्याची घाण आणि उरलेलं खाणं कुजून आणखी तयार होतो. नदीत तो वाहून जातो, काचेच्या चार भिंतींत कुठे जाणार? काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पण तेही विषच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र थोडं साचलं तरी माशाला सोसतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस टाकी माशांविना चालू ठेवायची. रोज चिमूटभर खाणं नुसतं पाण्यात टाकायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना खुराक मिळतो. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला मळका स्पंज मागून आण आणि आपल्या टाकीत पिळ. ते विरजण लागलं की काम लवकर होतं. थेंब टाकून पाणी तपासायचा संच मिळतो, तो घे. खाणं टाकणं चालू असताना अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की मग माशांचं बघू.

म्हणून सुरुवात होळी झाल्यावर कर. थंडीत हे जिवाणू सुस्त असतात आणि पावसात आपल्याकडे वीजही भरवशाची नाही, पाणीही नाही. होळीनंतर टाकी मांडलीस तर मृग लागेपर्यंत ती चांगली बसलेली असेल.

टाकी दोन बाय एक बाय एक फुटाची घे. लहान स्वस्त पडते, पण कमी पाण्यात बिघाड झटकन होतो, आणि गोल बरणी तर घेऊच नकोस. या मापात साधारण ५६ लिटर पाणी मावतं. पाणी, काच, खडे मिळून पाऊणशे किलोच्या घरात वजन जातं, तेव्हा टीव्हीच्या कपाटावर ठेवायची नाही. लोखंडी स्टँड कर, तुझ्या मामाकडची पाणसळ लावून बघ, वर थर्माकोलचा पत्रा टाक आणि त्यावर टाकी. खिडकीतलं ऊन पडलं तर काचेवर शेवाळ धरेल. मांडण्याआधी ओसरीवर एक दिवस भरून ठेव, सांध्यातून पाझरते का ते कळेल. भरलेली टाकी कधीही उचलायची नाही, अर्धी भरलेलीसुद्धा नाही.

खडे नदीचे चालतील. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्याशी भांडत नाही. पांढुरका दगड दिसला तर त्यावर लिंबू पिळ, फेस आला तर तो चुन्याचा, फेकून दे. खडे धुताना साबण, पावडर काही नको, नुसतं पाणी, आणि ते नितळ येईपर्यंत. टाकीची बादली वेगळी ठेव, तिच्यात कपडे भिजवलेले मला दिसता कामा नयेत.

आता पाणी. इथेच टाकव्यातल्या माणसाने पुण्याच्या दुकानदाराचं ऐकायचं नाही, कारण त्याचं पाणी वेगळं, आपलं वेगळं. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, पावसाळ्यात जास्तच. ती माणसाला वाचवते आणि माशाचे कल्ले जाळते, तुझे जिवाणूही मारते. बादली चोवीस तास उघडी ठेव, नाहीतर अँटी-क्लोरिनचे थेंब घाल. बोअरच्या पाण्यात टीसीएल नसते, पण खालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा तेही रात्रभर पंपाची हवा सोडून ठेवायचं. जुलैत नळाला गढूळ पाणी आलं की तुझी आजी त्यात तुरटी फिरवते. ते पाणी टाकीत ओतू नकोस. पावसाचं पाणी मुळात मऊ, त्यात तुरटीने ते आंबट होतं आणि मासे तडफडतात.

विजेचं मात्र नीट ऐक. आपल्याच खोऱ्यातलं पाणी ठोकरवाडीला अडवून १९२२ पासून भिवपुरीला वीज तयार होते, तरी मृगाचा पहिला वारा सुटला की आपण मेणबत्ती शोधतो. हवेचा पंप टाकीपेक्षा उंच ठेव, नाहीतर नळीत एका बाजूने जाणारा व्हॉल्व्ह बसव. वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं खाली येतं, पंप भिजतो आणि जमिनीवर तळं होतं. प्रत्येक वायरला बटणाच्या खाली झोळ राहू दे, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब प्लगात न जाता खाली पडेल. पाणी बदलताना हीटर आधी बंद कर आणि थोडा निवू दे. उघडा पडला की त्याची काच तडकते, आणि चालू हीटरच्या पाण्यात हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. वीज चार-पाच तास गेली तर खाणं बंद, आणि अधूनमधून तांब्याने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत सोडायचं. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो मात्र पावसाळ्याआधी आणून ठेवच.

मासे कोणते? दुकानात सोनेरी गोल्डफिश बघून तुझा जीव जाईल, पण तो वीतभर वाढतो आणि खूप घाण करतो, ही टाकी त्याला पुरायची नाही. काच साफ करतो म्हणून जो काळा सकर देतात, तो फूटभर होतो. अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न वास्तूसाठी घेणाऱ्यांना आपण काही बोलायचं नाही. अरोवाना तीन फुटांचा होतो, एवढंच तू लक्षात ठेव.

तू झेब्रा घे, निळ्या पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. मूळचा आपल्याच देशातला, १८२२ मध्ये हॅमिल्टनने कोसी नदीच्या पाण्यातून त्याची नोंद केली. आज शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जे झेब्राफिश ठेवतात ते हेच. त्याला थंडी सोसते. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर लागेलच, पण वीज गेली तरी झेब्रा लगेच मान टाकणार नाही. सहा घे, एकटा ठेवलास तर बिचकतो. बोअरचं जड पाणी वापरणार असशील तर गप्पी बरा. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला डबक्यांत सोडतात तोच हा, रंगीत वाणाचा. फक्त नर घे. मादी महिन्या-महिन्याला पिल्लं देते, मग वाटायला माणसं सापडत नाहीत.

मासे आणायच्या दिवशी सकाळी जा आणि लोकलने कान्ह्याला उतरून सरळ घरी ये, पिशवी घेऊन बाजारात फिरू नकोस. पिशवी वीसेक मिनिटं टाकीत तरंगू दे, मग थोडं-थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाल, आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोड. दुकानाचं पाणी टाकीत नको, रोग त्यातूनच येतात. ओढ्यातले मासेही नकोत. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आपल्याकडे सगळे धावतात, पण वाहत्या पाण्याचा मासा काचेत जगत नाही, आणि त्याच्या अंगावरचे किडे बाकीच्यांना लागतात.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यातून एक दिवस उपास. गणपतीत मामाकडे चार दिवस गेलीस तर शेजारच्या काकूंना खाणं टाकायला सांगू नकोस. मासे चार दिवस उपाशी राहून मरत नाहीत, काकूंच्या मायेने मरतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी नळीने तळातून काढ, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळ, नळाखाली नाही. काढलेलं पाणी कढीपत्त्याला घाल, फार चांगलं खत आहे. मनीप्लँटची एक फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी टाकीच्या कडेला लाव, ती नायट्रेट ओढून घेते.

पुढे कधी कंटाळा आलाच, तर मासे आंद्रेत किंवा इंद्रायणीत सोडायचे नाहीत. पुण्य-बिण्य काही लागत नाही. उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात आज सकर सापडतो, तो कुणाच्या तरी टाकीतूनच गेलेला. आपल्या नद्यांचा मासा म्हणजे महाशीर. १८३९ मध्ये सायक्सने मुळा-मुठेतल्या ज्या माशाचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्याच जातीची पिल्लं टाटांच्या लोणावळ्याजवळच्या वळवणच्या केंद्रात गेली पन्नासेक वर्षं वाढवून पाण्यात सोडतात. एवढ्या खटपटीने जगवलेल्या माशांच्या पाण्यात तुझ्या टाकीतला परका मासा आणि त्याचा रोग नको. नको झालेला मासा दुकानदाराला परत दे. पैसे तो बहुधा देणार नाही, मासा मात्र ठेवून घेतो.