काचपेटीतील पिल्लांचे संगोपन

मत्स्यालयातील एंजल आणि तळ्यातील तिलापिया हे दोन्ही मासे सिक्लिड कुळातील. पिल्लांची राखण करणे हा या कुळाचा विशेष होय. तिलापियाची मादी अंडी तोंडात धरून उबवते. एंजलची जोडी पानावरील अंड्यांवर पहारा देते. डहाणू-तलासरी भागात शाळेत वा घरी काचपेटी ठेवणाऱ्यांनी मात्र केवळ या राखणीवर विसंबू नये.

एंजलची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पुढील चार-पाच दिवस पिल्ले पोटाखालच्या पीतकावर जगतात. तोवर त्यांना अन्न घालू नये. ती पोहू लागताच आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्ले द्यावीत. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ विरघळवून आर्टेमियाची अंडी सोडावीत व पंपाने हवा द्यावी. २८ अंश सेल्सिअस तापमानात ती २४ ते ३६ तासांत फुटतात. हिवाळ्यात थोडा अधिक वेळ लागतो. ही पिल्ले कापडातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊन, दिवसातून तीन-चार वेळा थोडीथोडी द्यावीत. उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त खरा, पण पाणी नासवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही! तळाशी उरलेले अन्न रोज नळीने काढून घ्यावे.

पेटी अपुरी पडली की बोटुकली गावतळ्यात सोडण्याचा मोह होतो. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ती भराभर वाढून अनेक जलाशयांत स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी झाली. म्हणून कुर्झे धरण असो वा पाझर तलाव, पेटीतील मासा त्यात सोडू नये. जास्तीची पिल्ले दुसऱ्या शाळेस द्यावीत.