चिरंजीव श्रीधर यास: अडकलेल्या रायफलीविषयी



जिच्यात काडतूस अडकले आहे ती रायफल भरलेली रायफल असते, एवढे एक वाक्य चिरंजीवाने ध्यानात ठेवले तर पुढचे सारे पत्र न वाचले तरी चालण्यासारखे आहे. पत्रास कारण वहिनींकडून आलेली वार्ता होय. भातखाचरात रानडुकरे उतरली असता चिरंजीवाच्या वडिलांच्या, आमच्या दादांच्या, रायफलीतून एक बार निघाला, दुसरे काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीच्या, तोंडाशी अडकले, आणि ते सोडवण्याच्या झटापटीत नळी कोणत्या दिशेला होती हे चिरंजीवाला नंतर सांगता आले नाही. बॅटरी धरलेला गड्याचा मुलगा मात्र चार पावलांवर उभा होता. त्यानंतर चिरंजीवाने रायफल स्वस्तातली म्हणून अडकते, तिचा नेमही लागत नाही, आणि बाजारच्या दिवशी लोहाराकडून मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, कडा घासून घ्याव्यात, असे तीन निष्कर्ष काढल्याचेही वहिनींनी कळवले आहे. नळीच्या दिशेविषयी मात्र एकही निष्कर्ष त्यांत नाही, आणि हे पत्र लिहिणाऱ्या काकांची झोप उडाली आहे ती त्यामुळे.

प्रथम स्वस्तपणाविषयी. दादांनी ही .315 बोअरची रायफल घेतली तेव्हा विलायती रायफलींची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती, हे खरे. परंतु कमी किमतीवरून तिचे कूळ हलके ठरत नाही. हिची घडण ली-एनफिल्ड पद्धतीची आहे, म्हणजे स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याने योजलेली बोल्टची, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याची, रचना आणि 1895 पासून ब्रिटिश सैन्याच्या रायफलींत एनफिल्ड येथील नळीशी तिची पडलेली सांगड, तीच पद्धत बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने पुढे दीर्घकाळ चालवली. काडतूस मात्र ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या लष्करी 8 × 50 मिलिमीटर मॅनलिखर जातीचे आहे, कारण इंग्रजी अमदानीत सैन्याचे .303 काडतूस खासगी हातांत जाऊ नये असे सरकारचे धोरण होते आणि नागरी रायफलीसाठी त्याहून वेगळे काडतूस निवडणे भाग पडले. या निवडीचा परिणाम चिरंजीवाच्या खाचरापर्यंत पोहोचलेला आहे, कारण हे काडतूस रिमचे आहे.

रिम म्हणजे काडतुसाच्या बुडाशी सभोवार बाहेर आलेली कडा, जिला धरून रिकामे टरफल बाहेर ओढले जाते. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे दोन ओळींत एकमेकांच्या आडोशाने बसतात आणि तळाची स्प्रिंग त्यांना वर रेटत असते. बोल्ट पुढे ढकलला की सर्वांत वरचे काडतूस त्याच्या पुढे सरकून चेंबरमध्ये शिरते. अशा वेळी वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढे असली तर ते सुटे सरकते, पण ती मागे राहिली असेल तर पुढे जाताना खालच्या रिमला अडते, दोन्ही काडतुसे एकमेकांना खेचतात आणि बोल्ट अर्ध्यावर थांबतो. कौले शाकारताना एक कौल उलट्या चढीने बसले तर बाकीची कितीही चांगली असली तरी पाणी आत येते, तसाच हा प्रकार आहे, आणि यात दोष घडणीचा नसून भरण्याचा आहे. म्हणून प्रत्येक काडतूस भरताना त्याची रिम आधीच्या रिमपुढे येईल असे ते किंचित पुढून दाबावे आणि मग मागे न ओढता तसेच बसू द्यावे. अंधारात चाचपडत भरलेल्या मॅगझिनवर भरवसा ठेवू नये. घरून निघण्यापूर्वी, उजेडात आणि शांतपणे, एकेक काडतूस डोळ्यांनी पाहून भरावे.

अडकण्याचे दुसरे कारण माणसाच्या हातात असते आणि ते कबूल करणे तरुण वयात जड जाते. पहिल्या बारानंतर जनावर पळू लागले की हात घाई करतो, बोल्ट पुरता मागे येण्याआधीच पुढे ढकलला जातो, आणि मग एकतर रिकामे टरफल बाहेर पडत नाही किंवा नवे काडतूस उचललेच जात नाही. याहून घातक प्रकार असा की, काडतूस चेंबरमध्ये शिरते, पण बोल्ट पूर्ण मिटण्याआधी मागे ओढल्यामुळे रिम धरणारी आकडी त्याला पकडत नाही. ते आतच राहते, आणि पुन्हा बोल्ट पुढे केला की मागून येणाऱ्या दुसऱ्या काडतुसाचे टोक पहिल्याच्या बुडावर, नेमके जिथे ठिणगी पडणारी टोपी असते तिथे, जाऊन आदळू शकते. त्या रात्री यांपैकी काय घडले हे इतक्या दुरून ठरवता येणार नाही, परंतु अडलेला बोल्ट जोराने पुढे रेटला गेला असेल तर चार पावलांवरच्या त्या मुलाच्या आयुष्याची दोरी बळकट होती, एवढेच म्हणता येते.

यासाठी चिरंजीवाने एक क्रम हाताला लावून घ्यावा. काडतूस अडले की प्रथम बोट चापावरून काढून बाहेर सरळ ठेवावे. नळी जिथे माणूस, गुरे, घर वा उघडा कातळ नाही अशा मऊ मातीच्या बांधाकडे करावी, कारण जांभ्यावर आपटलेली गोळी कोणत्या दिशेने उसळेल याचा नेम नसतो. सोबत्याला मागे यावयास सांगावे. मग मॅगझिन काढून घ्यावे, त्यानंतरच बोल्ट सावकाश मागे ओढावा, आणि शेवटी चेंबरमध्ये बॅटरीचा उजेड टाकून ते रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी. चाप ओढूनही बार न निघाल्यास नळी त्याच दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण दारू कधी उशिरानेही पेट घेते. या सगळ्यात डुक्कर निघून जाईल, तर ते जाऊ द्यावे.

लोहाराकडे जाण्याचा विचार तर चिरंजीवाने पूर्णपणे सोडून द्यावा. मॅगझिनच्या तोंडाशी आत वळवलेल्या पत्र्याच्या ज्या दोन कडा असतात, त्यांच्या वळणावर काडतूस कोणत्या कोनाने वर यावे हे ठरते, आणि कानसेने एकदा गेलेला पत्रा पुन्हा चढत नाही. ली पद्धतीच्या रायफलींत मॅगझिन त्या त्या रायफलीला जुळवून दिलेले असल्याने दुसऱ्याचे मागून आणलेलेही बरोबर बसेलच असे नाही. शिवाय शस्त्र अधिनियम, 1959 याच्या कलम 5 अन्वये परवान्यावाचून शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय हा गुन्हा असल्याने, चिरंजीवाच्या घाईपायी त्या बिचाऱ्या लोहारावर बालंट यायचे. आधी मॅगझिन काढून त्याचा तळ, स्प्रिंग आणि काडतुसे वर रेटणारी पट्टी स्वच्छ पुसावी. निवडणुकीच्या काळात रायफल ठाण्यात जमा होऊन परत आल्यावर तर हे न चुकता करावे, कारण कोकणच्या दमट हवेत स्वस्थ पडून राहिलेल्या लोखंडाला गंज लागतोच आणि जुने तेल चिकट होऊन पट्टीला वर येऊ देत नाही. त्यानंतर परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून दारू व टोपी नसलेली सरावाची काडतुसे मिळवावीत आणि पाचही पुन्हा पुन्हा भरून, बोल्ट पूर्ण मागे व पूर्ण पुढे नेत, रायफल काय करते ते पाहावे. जिवंत काडतुसांनी ही परीक्षा घरात कदापि घेऊ नये. नीट भरूनही पाचांतले एखादे ठराविक जागी अडत असेल तरच मॅगझिन संशयास्पद समजावे आणि ते त्याच माणसाच्या हाती सोपवावे.

आता नेमाविषयी. या रायफलीचा लाकडी दस्ता दोन तुकड्यांचा असतो: मागचा खांद्याला टेकणारा आणि पुढचा नळीखालचा. पुढचा तुकडा बोल्टच्या घराला ज्या जागी टेकतो तिथे तो घट्ट बसलेला असावा लागतो, कारण बार निघताना बसणारा धक्का तिथेच झेलला जातो. पावसाळ्यात लाकूड फुगते, मार्च-एप्रिलात सुकून आकसते, आणि तो टेकू ढिला झाला की काल पोटात लागणारी गोळी आज खांद्यावरून जाते. म्हणून नेम हलला की माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या दर्शकाला, हात लावण्यापूर्वी दस्त्याचे पुढचे स्क्रू आणि लाकूड तपासावे. मागचा दस्ता मात्र स्वतः खोलू नये, कारण या घराण्यातल्या अनेक रायफलींत पुढचे लाकूड न काढता मागचा दस्ता धरणारा लांब स्क्रू फिरवल्यास पुढचे लाकूडच तडकते. सारे घट्ट असूनही गोळ्या एका बाजूला पडत असतील तर ज्या बाजूला पडतात त्याच बाजूला माशी सरकवायची असते, हा नियम पुष्कळांना उलटा वाटतो, पण तो तसाच आहे. पारख अधिकृत रेंजवर, टेकूवर रायफल ठेवून, एकाच खोक्यातल्या काडतुसांनी आणि नळी निवू देत करावी. नळीतले तेल पुसल्यावाचून काढलेला पहिला बार बाकीच्यांपासून दूर पडतो आणि शेतात तर पहिल्याच बाराला महत्त्व असते.

एवढे करून शंभर मीटरवर पाच गोळ्या दहा सेंटिमीटरच्या वर्तुळात पडल्या तर पन्नास मीटरवर त्या साधारण पाच सेंटिमीटरमध्ये पडतील, आणि खाचराच्या बांधावरून याहून दूरचा बार चिरंजीवाने काढूच नये. तेव्हा नेमाची तक्रार फारशी टिकत नाही. टिकते ती पुन्हा तीच काळजी, की या काडतुसाची गोळी जड असून हुकल्यास किलोमीटरच्या हिशेबाने पुढे जाते आणि खालच्या अंगाला वाडी आहे. वनखात्याच्या परवानगीची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे. परंतु हातात परवानगी असली तरी गोळीमागे मातीचा बांध नसेल तर बार काढू नये.

इतके कठोर लिहिण्यामागे एक जुनी हुरहुर आहे, ती चिरंजीवाला ठाऊक नसावी. काका मुंबईत नोकरीला असताना सुटीच्या दिवशी रेंजवर जात आणि कागदावरची भोके एकमेकांच्या किती जवळ पडली हे मोजण्यात त्यांना मोठा पुरुषार्थ वाटे. दादा दरवर्षी भात पोटरीला आले की पत्र घालीत, की चार रात्री माळ्यावर सोबतीला यावे. आणि रजा नाही, गाडी नाही, पुढच्या वर्षी पाहू, अशी उत्तरे इकडून जात. दादा एकटेच बसत. वहिनी सांगतात की पुष्कळ रात्री ते बार काढीतच नसत, डबा वाजवून कळप हाकलीत आणि सकाळी रायफल पुसून परत खुंटीला लावीत. त्या माणसाला नेमाविषयी, वाऱ्याविषयी, लाकडाच्या फुगण्याविषयी जे ठाऊक होते ते विचारून घेण्याची वेळ आली तेव्हा विचारायला दादा राहिले नव्हते. वर जे लिहिले आहे त्यातले बरेचसे पुस्तकांतून आणि रेंजवरून आले आहे. दादांकडून आले असते तर चिरंजीवाला ते अधिक पटले असते, याची जाणीव काकांना आहे.

म्हणून रागाची अक्षरे चिरंजीवाने फार मनावर घेऊ नयेत. वयाच्या सव्विसाव्या वर्षी वडिलांची शेती, त्यांचे कर्ज आणि वारसाहक्काने नावावर झालेली त्यांची रायफल, असे सारे एकदम अंगावर येणे सोपे नाही, आणि उभे पीक एका रात्रीत लोळलेले पाहून हात थरथरले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रायफल नकोशी वाटत असेल तर ती रीतसर विकावी किंवा जमा करावी. दादांची आठवण म्हणून ती ठेवलीच पाहिजे असे बंधन घरात कोणीही घातलेले नाही, वहिनींनी तर मुळीच नाही. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. तिचा अर्ज करणे कंटाळवाणे असले तरी तो करावा, कागद काका भरून देतील. खाचरातले भात गेले तर पुढल्या वर्षी पुन्हा लावता येते.

काका गणपतीला चार दिवस अगोदरच येत आहेत. तोवर रायफल रिकामी करून, बोल्ट वेगळा काढून, दोन्ही वेगवेगळ्या कुलपांत ठेवावे आणि रात्री डबा वाजवावा. आल्यावर सरावाची काडतुसे घेऊन दोघे ओटीवर बसतील, आणि नंतर चिरंजीव म्हणेल तितक्या रात्री माळ्यावरही बसतील. काकांना आता रजेची अडचण नाही. गड्याच्या मुलाला काकूने नवा सदरा घेतला आहे, माप अंदाजाने घेतले असल्याने त्याची उंची तेवढी उलटटपाली कळवावी. चिरंजीवाने वेळेवर जेवावे, जागरण झाल्यास दुसऱ्या दिवशी दुपारी निजावे, आणि त्या रात्रीची भीती वाटून अजून झोप लागत नसेल तर संकोच न करता फोन करावा, मग वेळ कोणतीही असो.

 

काका