रोखीने भाजीपाला विकणाऱ्या शेतकऱ्याने बँकेस उत्पन्न कसे दाखवावे?

उसाचे बिल कारखान्याकडून बँक खात्यात जमा होते. दुधाचे बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी निघते. त्यामुळे ऊस व दूध उत्पादकास आपले उत्पन्न दाखविताना फारशी अडचण येत नाही. मेथी, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो घेऊन आठवडी बाजारात बसणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी असते. पैसा रोज हातात येतो, त्यातूनच मजुरी, टेम्पोचे भाडे व घरचा किराणा भागतो आणि पासबुक मात्र कोरेच राहते. पुढे ट्रॅक्टर, पाइपलाइन किंवा शेडनेटसाठी कर्ज मागावयास गेल्यावर साहेब विचारतात, 'उत्पन्नाचा पुरावा काय?' चांगली कमाई असूनही अर्ज परत येतो, आणि मग सावकाराचे दार गाठावे लागते.

पीक कर्ज व मुदत कर्ज यांतील फरक

पीक कर्ज हे जमिनीचे क्षेत्र आणि त्या पिकासाठी जिल्ह्यात ठरविलेला हेक्टरी कर्जदर यांवरून मिळते. त्यासाठी सात-बारा, आठ-अ आणि थकबाकी नसल्याची खात्री एवढे बहुधा पुरते. मुदत कर्ज तीन ते नऊ वर्षे फेडावयाचे असते, म्हणून तेथे बँक परतफेडीची ताकद पाहते. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेती कर्जास तारण मागू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तारण माफ झाले म्हणून उत्पन्नाची चौकशी माफ झाली, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये.

पट्टी कोणाच्या नावाची?

बाजार समितीत माल दिल्यास अडत्या हिशेबपट्टी देतो. डाग, वजन, भाव, हमाली, तोलाई हे सारे तीत असते. असा पुरावा हाती असून आपण तो खिशात चुरगाळून टाकतो. प्रत्येक पट्टी तारखेप्रमाणे फाइलला लावावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पट्टीवरील नाव. पुष्कळ पट्ट्यांवर 'आबा', 'तात्या' किंवा नुसते गावाचे नाव असते, कधी टेम्पोवाल्याचेही असते. अशी पट्टी बँकेस उपयोगाची नाही. सात-बाऱ्यावर आणि अर्जावर जे नाव आहे, तेच पूर्ण नाव अडत्याकडून लिहून घ्यावे.

उचल घेतली असल्यास पट्टीच्या तळाचा आकडा लहान दिसतो, कारण उचल त्यातून कापलेली असते. बँकेस दाखविताना विक्रीची पूर्ण रक्कम दाखवावी आणि उचल हे देणे म्हणून वेगळे सांगावे. ती लपविण्यात हित नाही, कारण पुढील हंगामात हप्ता आणि उचल दोन्ही त्याच मालातून जाणार आहेत.

पट्टीच नसेल तर

खरी अडचण थेट गिऱ्हाइकास विकणाऱ्याची आहे. त्याने एक साधी वही ठेवावी. तारीख, बाजाराचे गाव, माल, अंदाजे वजन, आलेली रक्कम आणि त्या दिवसाचा खर्च एवढे रकाने पुरेत. रात्री जेवणापूर्वी पाच मिनिटांचे काम आहे. नुसत्या वहीवर बँक विश्वास ठेवीलच असे नाही, पण तिला जोड मिळाली की तिचे वजन वाढते. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद बाजारात बसल्याची जी फी घेते, तिची पावती फेकू नये. त्या तारखेस आपण त्या बाजारात होतो याचा तो पुरावा होय. बियाणे, खते व औषधांची पक्की बिले आपल्याच नावाने घ्यावीत. ई-पीक पाहणीत (ही राज्यात ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे) भाजीपाल्याची नोंद करावी. सात-बाऱ्यावर ज्वारी आणि वहीत टोमॅटो असे असेल तर वही खोटी ठरते.

सर्वांत भक्कम जोड म्हणजे बँकेतील भरणा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी रोख खात्यात भरावी, मग लागेल तशी काढावी. चार दिवसांत काढून घेतली तरी बिघडत नाही, जमा झाल्याची नोंद राहते. गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देत असेल तर ते त्याच खात्यात घ्यावेत. घरची बाई बाजारात बसत असल्यास पती-पत्नीचे संयुक्त खाते सोयीचे पडते. अर्जाच्या आठ दिवस आधी उसनवारी करून लाखभर रुपये भरणारे काही महाभाग असतात. बँकेचा अधिकारी असा भरणा एका नजरेत ओळखतो.

एक उदाहरण

समजा, आपण वर्षातून ९० बाजार केले आणि दर बाजारी सरासरी ३,५०० रुपये आले. एकूण विक्री ३,१५,००० रुपये झाली. बी-रोपे, खते व औषधे ६२,०००, मजुरी ५५,०००, भाडे व बाजार फी २८,००० असा १,४५,००० रुपये खर्च वजा जाता १,७०,००० उरले. घरखर्च १,१०,००० धरल्यास शिल्लक ६०,००० राहते. पासबुकात वर्षभरात ४०,००० चाच भरणा असेल, तर बँकेच्या लेखी आपली ताकद शून्य! उलट, ३,१५,००० हेच उत्पन्न म्हणून सांगून मोठे कर्ज घेतल्यास हप्ता डोईजड होतो आणि गहाण जमीन अडचणीत येते. ६०,००० शिल्लक असली तरी वर्षाचा हप्ता ४०,००० ते ४५,००० पेक्षा जास्त नसावा असे आमचे मत आहे. भाव पडण्याचे वर्ष येतेच. हप्त्याची तारीख माल निघण्याच्या हंगामाशी जुळवून मागावी.

तहसीलचा दाखला

मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ४०,००० आणि कर्जाच्या अर्जात दीड लाख, असे अनेक घरांत आढळते. दोन्ही कागद एकाच टेबलावर आले की उत्तर देता येत नाही. शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, त्यामुळे कराच्या भीतीने ते दडविण्याचे कारण नाही. दोन्हीकडे खरा आकडाच सांगावा.

अर्ज देताना पोच घ्यावी. अर्ज नाकारला गेल्यास मुख्य कारण लेखी मागावे. रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेप्रमाणे ते बँकेने कळवावयाचे असते. कारण 'उत्पन्नाचा पुरावा अपुरा' असे असेल, तर पुढील एक वर्षाची वही, पावत्या व भरणा घेऊन त्याच शाखेत पुन्हा जावे.