झुलता पूल उघडण्यापूर्वीं

नांदगांव पेठेहून सहल काढावयाची म्हटली कीं मुलांच्या तोंडीं पहिलें नांव चिखलदऱ्याचें येतें. अमरावती व परतवाडा मागें टाकून गाडी घाट चढूं लागते, कानांत दडे बसतात, धुकें कांचांस चिकटतें, आणि माथ्यावर उतरतांच कोणी ना कोणी विचारतो, "गुरुजी, तो आकाशांतला पूल झाला का?" हा प्रश्न आम्ही इतकीं वर्षें ऐकला कीं, तो पहिल्यानें विचारणारीं मुलें शाळा सोडून नोकरीस लागलीं. "अजून नाहीं" ह्या उत्तरानें मुलें हिरमुसत. त्या उत्तरामागें काय काय असूं शकतें तें ह्या लेखांत पाहूं.

हा पूल म्हणजे गोराघाट व हरिकेन पॉइंट हीं दोन टोकें जोडणारा, लोखंडी दोरावर तोललेला, पायीं चालण्याचा ४०७ मीटर लांबीचा मार्ग. मध्यें पायांखालीं कांच आणि कांचेखालीं दरी, अशी त्याची योजना. सिडकोनें २०१८ नंतर काम हातीं घेतलें, तें बरेंच पुढें गेलें, आणि २०२१ च्या सुमारास वन्यजीवविषयक परवानगीचा प्रश्न आडवा आला. ठरलेल्या मुदती एकामागून एक टळल्या. १९७३ सालीं देशांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होतें. अशा रानाजवळ गर्दी व वाहनें आणणारें काम करावयाचें, तर विचारणा होणें रास्तच होतें. ती पायाभरणीच्या आधीं पुरी व्हावयास हवी होती, एवढेंच आमचें म्हणणें.

परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. परवानगीची वाट पाहणें निराळें आणि परीक्षेची वाट पाहणें निराळें. पहिल्या उशिरांत कागद हलतात. पूल जसा आहे तसाच असतो. दुसऱ्या उशिरांत पुलावर वजन चढवितात, उतरवितात, वाऱ्यांत मोजमापें घेतात. बाहेरून पाहणारास दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही वेळीं दार बंदच असतें.

दुसऱ्या जातीच्या उशिराचें एक नमुनेदार उदाहरण लंडन शहरांत घडलें. तेथें थेम्स नदीच्या कांठीं १३५ मीटर उंचीचा एक प्रचंड आकाशपाळणा उभारला. आपल्या बहिरमच्या यात्रेंतल्या पाळण्याचा तो फार मोठा भाऊच म्हणावयाचा. त्यास माणसें बसावयाचे बत्तीस डबे आहेत. ३१ डिसेंबर १९९९ रोजीं, नव्या सहस्रकाच्या आदल्या रात्रीं, खुद्द पंतप्रधानांच्या हस्तें त्याचें उद्घाटन ठरलेलें. तपासणींत एका डब्याच्या क्लचमध्यें दोष आढळला. उद्घाटन झालें, आतषबाजी झाली, पण लोकांस बसूं दिलें नाहीं. सर्वसाधारण लोकांसाठीं तो ९ मार्च २०००ला सुरू झाला. सगळें जग पाहत असतां ही नामुष्की पत्करावयास मोठें धैर्य लागलें असेल.

गंमत अशी कीं, त्याच वर्षीं त्याच नदीवर एक नवा पादचारी पूल १० जूनला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल मोडण्यासारखा नव्हता, पण माणसें चालूं लागतांच तो डावी-उजवीकडे डोलूं लागला. डोलणाऱ्या फळीवर माणूस नकळत त्या डोलण्याच्या तालावर पाय टाकतो. हजारों पाय एका तालावर पडले कीं डोलणें आणखी वाढतें. हा गुण हिशोबांत नीट धरलेला नव्हता. हादरे शोषणारीं सुमारें नव्वद साधनें बसवून २००२च्या फेब्रुवारींत पूल पुन्हां खुला केला. वाचकांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, रिकाम्या पुलाची परीक्षा पुरी पडत नाहीं. माणसें चालवूनच माणसांचें कळतें.

आणि आतां जवळचें, दुःखाचें उदाहरण. गुजराथेंतील मोरबी येथील मच्छू नदीवरचा जुना झुलता पूल दुरुस्तीसाठीं कांहीं महिने बंद होता. २६ ऑक्टोबर २०२२ रोजीं, गुजराथी नववर्षदिनीं, तो उघडण्यांत आला. नगरपालिकेचा दाखला मिळालेला नव्हता, भाराची चाचणीही झाली नव्हती. चवथ्या दिवशीं सायंकाळीं तो तुटला व १३५ माणसें गेलीं. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. चौकशींत आढळलें कीं, मुख्य दोराच्या ४९ तारांपैकीं २२ गंजलेल्या होत्या. त्या बहुधा आधींच तुटल्या असाव्यात. चालण्याची फळी मात्र नवी, चकचकीत बसविलेली होती, आणि ती पूर्वींच्या लांकडी फळ्यांहून जड होती. सणाचा दिवस सांपडावा म्हणून परीक्षा राहिली, असेंच आम्हांस वाटतें.

दोरावर एवढा ताण येतो तरी कसा, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें घरीं करून पाहावें. दहा फूट अंतरावरील दोन खुंट्यांना सुतळी बांधा. मधोमध पांच किलोचें वजन टांगून सुतळीस एक फूट झोळ पडूं द्या. दोन्ही बाजूंस सुमारें तेरा किलोचा ताण येईल. आतां सुतळी आवळून झोळ तीनच इंच ठेवा. वजन तेंच, पण ताण पन्नास किलोच्या घरांत जाईल आणि सुतळी बहुधा तुटेल. (प्रयोग करतांना पाय वजनाखालीं ठेवूं नयेत, आमच्या एका विद्यार्थ्यानें ठेवले होते.) म्हणून झुलत्या पुलाचा झोळ, दोर व कड्यांतले खिळ हे सारे आधीं हिशोबानें ठरतात आणि मग प्रत्यक्ष भार चढवून तो हिशोब खरा कीं खोटा तें पाहतात.

हेंच ध्यानीं घेऊन चिखलदऱ्याकडे पुन्हां पाहूं. अर्धवट उभें राहिलेलें लोखंड डोंगराच्या माथ्यावर उघडें पडलें म्हणजे त्यावरून पावसाळे जातात. आपल्या मेळघाटांतला पाऊस व धुकें कसें असतें तें कोणास सांगावयास नको. तिथें चार दिवसांत ओले कपडे वाळत नाहींत. हरिकेन पॉइंट हें नांवच वाऱ्यावरून पडलें आहे. म्हणजे परवानगीसाठीं झालेल्या उशिरानें पूल अधिक सुरक्षित होत नाहीं; उलट, जितका काळ काम थांबलें तितकी जोडणी, खिळे व दोर नव्यानें तपासण्याची गरज वाढते. "इतकीं वर्षें लागलीं, आतां तरी उघडा" ही हांक आम्हीही मारली आहे, आणि ती चुकीची होती हें येथें कबूल करतों.

शेवटीं गर्दीचें. चीनमध्यें झांगजियाजी येथें सुमारें ४३० मीटर लांबीचा कांचेचा पूल २० ऑगस्ट २०१६ रोजीं उघडला. उघडण्यापूर्वीं तेथें कांचेवर घणाचे घाव घातले व तडकलेल्या कांचेवरून मोटार चालवून दाखविली. कांच टिकली, पण दिवसाला आठ हजार माणसांची व्यवस्था असतां त्याच्या दसपट लोक लोटले, आणि तेराव्या दिवशीं पूल बंद ठेवावा लागला. चिखलदऱ्यास पावसाळ्यांतल्या रविवारीं घाटांत गाड्यांची रांग किती खालपर्यंत येते तें आपण पाहिलें आहे. त्या रांगेंतल्या शेवटच्या गाडीस "आज पुलावर जागा नाहीं, उद्यां या" असें सांगण्याचा अधिकार कोणास असेल, हेंही पूल उघडण्यापूर्वींच ठरवावयाचें असतें.