घोडा, घोडी आणि दुभाषा

चित्रपट-महोत्सव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कान किंवा व्हेनिस उभे राहते. फार तर आपल्या शेजारची पणजी. पाहुणे, समीक्षक, पारितोषिके आणि ज्यांच्या गावात हे सारे चालते त्या लोकांची दाराबाहेरची गर्दी. प्रस्तुत लेखात मी ज्या महोत्सवाचा परिचय करून देणार आहे तो या जातीचा नव्हे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचे शहर आहे. तेथे १९७६ साली ‘चिकानो चित्रपट-महोत्सव’ सुरू झाला. पुढे ‘सिनेफेस्टिव्हल’ या नावाने तो चार दशकांहून अधिक काळ चालत आला असून अमेरिकेतील लॅटिनो चित्रपट-महोत्सवांत तो सर्वांत जुना मानला जातो. चिकानो म्हणजे अमेरिकेत वाढलेले, मेक्सिकन वंशाचे लोक. आणि लॅटिनो हा त्याहून व्यापक शब्द, ज्यात पोर्टो रिको, क्युबा, ग्वाटेमाला अशा सर्व मुलखांतून आलेली मंडळी येतात.

हा महोत्सव ज्या संस्थेच्या हाती आहे ती ग्वाडालूपे कला-केंद्र ही संस्था शहराच्या पश्चिम भागात, मेक्सिकन कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्तीत आहे. तिची स्थापना १९८० ची. चित्रपटाखेरीज नाटक, नृत्य आणि संगीत हेही तिचे विषय आहेत. १९८२ पासून ‘कोन्हुन्तो’ या लोकसंगीताचा निराळा महोत्सव तिने सुरू केला. म्हणजे पडदा आणि रंगमंच यांची तेथे फारकत झालेली नाही. ती का झाली नाही, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

टेक्सास हा प्रदेश आधी स्पेनचा होता. १८२१ नंतर तो मेक्सिकोचा झाला, १८३६ मध्ये मेक्सिकोपासून फुटला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. १८४८ च्या तहाने तर मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. घरे तीच, शेते तीच, देवळे तीच. बदलली ती कचेरीची भाषा. आम्ही सीमा ओलांडून आलो नाही, सीमाच आम्हांला ओलांडून गेली, असे तिकडचे लोक म्हणतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या आठवणी ज्या भागात घरोघर सांगितल्या जातात, तेथील वाचकांना या वाक्याचे स्पष्टीकरण नको. मात्र हे साम्य फार ताणू नये, असे मला वाटते. आपल्याकडे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा या मातीत शतकानुशतके शेजारी नांदल्या आहेत, आणि या अंकाचे दोन विभागही एकाच पुठ्ठ्यात बांधले जातात. टेक्सासमध्ये १९१८ साली कायदाच झाला, की सरकारी शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणे हा गुन्हा आहे. तो १९६९ पर्यंत चालला. खेळाच्या मैदानात स्पॅनिश बोलले म्हणून मुलांना शिक्षा होत. डिसेंबर १९६८ मध्ये नागरी हक्क आयोगाने सॅन अँटोनियोत सुनावणी घेतली, तेव्हा विद्यार्थ्यांनीच या शिक्षांच्या हकीगती सांगितल्या.

मग ही भाषा मोठ्याने, चारचौघांत, न लाजता कोठे ऐकू येत असे? तंबूत आणि थिएटरात. ‘कार्पा’ म्हणजे तंबू. मेक्सिको आणि टेक्सासमध्ये कनात लावून गावोगाव फिरणारे फड होते. त्यांत कसरती, गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश असत. सॅन अँटोनियोचा गार्सिया कुटुंबाचा फड १९१४ पासून तीसेक वर्षे फिरत होता. त्यांतील फाटक्या कपड्यांचा, बड्यांना बोलण्यात गुंडाळणारा ‘पेलादो’ हा आपल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ शोभावा. मेक्सिकन बोलपटांतला प्रख्यात विनोदी नट कान्तिन्फ्लास हा याच तंबूंतून पडद्यावर गेला. पुढे तंबू मागे पडले आणि मेक्सिकन बोलपट दाखवणारी चित्रगृहे उभी राहिली. आज महोत्सव ज्या वास्तूत भरतो ते ग्वाडालूपे थिएटर हे त्यांतलेच. १९७० मध्ये ते बंद पडले. पुढे कला-केंद्राने त्याची दुरुस्ती केली आणि १९८४ मध्ये ते पुन्हा उघडले. ज्या पडद्यासमोर आजोबांनी बोलपट पाहिले त्याच पडद्यासमोर नातवाचा लघुपट दाखवला जावा, ही गोष्ट पारितोषिकाहून लहान नव्हे.

आता या चळवळीच्या दुसऱ्या धाग्याकडे वळू. सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप सुरू झाला. प्रथम लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजूर उतरले आणि आठवड्याभरात सेसर चावेझ व डोलोरेस उएर्ता यांची संघटना त्यांना येऊन मिळाली. लुईस वाल्देझ हा मजुरांच्याच घरातला तरुण नाटककार तेथे गेला आणि त्याने ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’, म्हणजे शेतमजुरांचे नाट्यपथक, उभे केले. रंगमंच कोणता, तर उघडा ट्रक. नट कोण, तर संपावरचे मजूर. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. गळ्यात पाटी अडकवायची आणि तीवर लिहायचे ‘मालक’, ‘संपकरी’, ‘फितूर’. मालकाला डुकराच्या तोंडाचा मुखवटा. या छोट्या नाटुकल्यांना ‘आक्तो’ म्हणत. १९६६ मध्ये डेलानोहून साक्रामेंटोपर्यंत मजुरांची पदयात्रा निघाली, तेव्हा मुक्कामाच्या गावी रात्री हेच प्रयोग होत.

ज्यांनी सत्यशोधक जलसे किंवा अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाविषयी वाचले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पण भाषेच्या दृष्टीने आक्तोत एक गोष्ट निराळी होती. त्यांत स्पॅनिश आणि इंग्रजी यांची सरमिसळ असे, आणि ती हसण्यासाठी केलेली नव्हती. मजूर जसे बोलत तसे ते होते. भाषाशुद्धीच्या आग्रही मंडळींनी दोन्ही बाजूंनी नाके मुरडली असतील, परंतु समोरच्या श्रोत्यांना प्रत्येक वाक्य कळत होते. माझ्या मते नाटकाच्या भाषेची पहिली कसोटी हीच. पुढे याच वाल्देझने ‘झूट सूट’ हे नाटक १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला रंगभूमीवर आणले. ते १९७९ मध्ये ब्रॉडवेवर गेले आणि १९८१ मध्ये त्याचा चित्रपट झाला. ट्रकवरून पडद्यापर्यंतचा हा प्रवास सोळा वर्षांचा.

परंतु भाषेचा प्रश्न ज्या चित्रपटाने सर्वांत तीव्रपणे मांडला, आणि ज्याच्यामुळे मी या साऱ्या विषयाकडे ओढला गेलो, तो ‘द बॅलड ऑफ ग्रेगोरियो कोर्तेझ’ हा १९८२ चा चित्रपट. दिग्दर्शक रॉबर्ट यंग. नायकाच्या भूमिकेत एडवर्ड जेम्स ओल्मोस. घटना खरी आहे. १२ जून १९०१ रोजी टेक्सासच्या कार्न्स परगण्याचा शेरीफ एका घोडेचोराच्या शोधात कोर्तेझच्या शेतावर आला. त्याला स्पॅनिश येत नव्हते. बरोबर दुभाषा होता. त्याने विचारले, ‘तू नुकताच एखादा घोडा दिलास का?’ कोर्तेझ म्हणाला, ‘नाही.’ उत्तर खरे होते, कारण त्याने दिली होती ती घोडी. स्पॅनिशमध्ये घोड्याला ‘काबाय्यो’ आणि घोडीला ‘येग्वा’ म्हणतात, शब्दच दोन. इंग्रजीतला ‘हॉर्स’ मात्र दोघांनाही पुरतो. शेरीफला वाटले, हा खोटे बोलतो आहे. पुढचे शब्दही दुभाष्याने चुकीचे पोहोचवले. पिस्तुले निघाली, कोर्तेझचा भाऊ गोळी लागून पडला, आणि कोर्तेझच्या गोळीने शेरीफ मेला. त्यानंतर दहा दिवस शेकडो स्वार त्याच्या मागावर होते. त्याच्यावर अनेक खटले चालले आणि अखेर १९१३ मध्ये गव्हर्नरने त्याला माफी दिली.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रयोग सुचवतो. हीच चौकशी आपल्या भागात झाली असती तर? मराठीत घोडा आणि घोडी. कन्नडात ‘कुदुरे’ हा शब्द दोहोंनाही चालतो; फरकच सांगायचा असेल तर ‘गंडु कुदुरे’, ‘हेण्णु कुदुरे’ असे म्हणावे लागते. म्हणजे या एका शब्दापुरती कन्नड इंग्रजीच्या बाजूला आणि मराठी स्पॅनिशच्या बाजूला पडते! घाईत असलेला दुभाषा ‘कुदुरे’चे भाषांतर ‘घोडा’ असेच करणार, आणि घोडी विकणारा मराठी शेतकरी शपथेवर ‘नाही’ म्हणणार. दोघेही खरे बोलतात आणि माणूस मरतो. दोन्ही भाषा जाणणारे माझे विद्यार्थी हे उदाहरण ऐकून आधी हसतात, मग गप्प होतात.

कोर्तेझवर लोकांनी ‘कोरीदो’ रचले. कोरीदो हा आपल्या पोवाड्याच्या कुळातला प्रकार. गिटारीवर गाइलेली घटनेची कथा. आमेरिको पारेदेस या अभ्यासकाने या कोरीदोंवर आणि त्यांमागच्या घटनेवर १९५८ साली पुस्तक लिहिले, आणि त्या पुस्तकावरून चित्रपट निघाला. त्यातील धाडस असे की, कोर्तेझ बोलतो ते स्पॅनिशमध्ये, आणि त्याचे भाषांतर पडद्याखाली दिलेले नाही. इंग्रजी प्रेक्षकाला बराच वेळ केवळ शेरीफच्या माणसांची बाजू ऐकू येते. घोडीची गोष्ट त्याला कळते ती फार उशिरा, तुरुंगात एक दुभाषी स्त्री कोर्तेझचे बोलणे समजावून देते तेव्हा. स्पॅनिश जाणणाऱ्याला मात्र आरंभापासून सारे माहीत असते. एकाच थिएटरात शेजारी बसलेले दोघे दोन निरनिराळे चित्रपट पाहत असतात. अशा चित्रपटाला सामुदायिक महोत्सवाइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण दोन्ही प्रकारचे प्रेक्षक तेथेच एकत्र येतात, आणि दिवे लागल्यावर एकमेकांना विचारू शकतात.

भाषांतर देऊच नये, असा याचा अर्थ मात्र मी काढत नाही. ग्रेगरी नावा यांच्या ‘एल नोर्ते’ या १९८३ च्या चित्रपटात ग्वाटेमालातील माया जमातीची भावंडे उत्तरेकडे पळतात. त्यांत माया, स्पॅनिश आणि इंग्रजी अशा तीन भाषा आहेत. तेथे भाषांतराच्या ओळी नसत्या तर स्पॅनिश प्रेक्षकही बाहेरच राहिला असता. आणि स्पॅनिशच्या मागे आणखी एक दबलेली भाषा उभी आहे, ही जाणीव त्याला झाली नसती.

संगीताला ही अडचण कमी. कोन्हुन्तोतील बटणांचे अ‍ॅकॉर्डियन आणि त्यावरचा पोल्का हे जर्मन व चेक वसाहतकऱ्यांकडून टेक्सासच्या मेक्सिकनांनी उचलले आणि ‘बाहो सेक्स्तो’ या बारा तारांच्या वाद्याशी जोडून इतके आपलेसे केले की आज ती त्यांचीच ओळख आहे. परदेशी पेटी आपल्या संगीत नाटकाच्या पिटात जाऊन बसली, तशीच ही गोष्ट. कला-केंद्रात व्हालेरियो लोंगोरिया या जुन्या उस्तादाने अनेक वर्षे मुलांना हे वाद्य शिकवले.

आणि आताचा प्रश्न वेगळाच आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीतील पुष्कळ मुलांना स्पॅनिश येतच नाही. सेलेना किंतानिया (१९७१-१९९५) ही टेक्सासची अतिशय लोकप्रिय गायिका. तिची घरची भाषा इंग्रजी होती, आणि स्पॅनिश गाणी ती वडिलांच्या मदतीने केवळ उच्चार पाठ करून शिकली. तिच्यावर नावा यांनीच १९९७ मध्ये चित्रपट काढला. त्यात एक प्रसंग आहे. मेक्सिकोतील माँतेर्रे शहरात तिच्यासमोर पत्रकार बसले आहेत आणि हिच्या तोडक्यामोडक्या स्पॅनिशची आता टर उडणार म्हणून वडील धास्तावलेले आहेत. ती हसतमुखाने बोलू लागते, एका शब्दाशी अडते, आणि न अडखळल्यासारखी इंग्रजी शब्द टाकून पुढे जाते. पत्रकारही हसतात, आणि तिला आपलीच समजून प्रश्न विचारू लागतात.