कुरणाला युरिया द्यावा की द्विदल पेरावे?
(सेमाडोहच्या रानावरून आपल्या धुऱ्यासाठी एक धडा)



गळीत हंगाम चालू असतो तोवर आपल्या कोठ्यात चाऱ्याची ओढ नसते. तोडणीच्या फडातून वाढे येतात, ढोरं पोटभर खातात आणि गाडीबैलही टिकून राहतात. हंगाम आटोपला की चित्र पालटते. कुटार संपत आलेले असते, धुऱ्यावरचे गवत वाळून नुसती काडी उरते, दूध निम्म्यावर येते. मग ढेपीचे पोते आणायचे तर दुधाचा पैसा त्यातच जिरतो. मृगाच्या तोंडावर, म्हणजे कामाच्या ऐन वेळी, बैल खंगलेला असतो. ही अडचण ज्या घरात नाही असे कास्तकाराचे घर विरळाच.

यावर उपाय काय? कुणी म्हणतो गवताला युरिया फेका, कुणी म्हणतो शेंगवर्गीय चारा पेरा. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच जागी नाहीत. कोणता उपाय कुठे करावा, हे या लेखात पाहू.

सेमाडोहचे कोडे

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याने घाट चढून गेले की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. हे गाव चिखलदरा तालुक्यात, मेळघाटच्या सागवानी जंगलात आहे. या डोंगरात कोरकू आणि गवळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गुरे-म्हशी पाळत आली. दूध बाजारापर्यंत नेणे लांबचे, म्हणून ते आटवून खवा करायचा, ही इथली रीत. सेमाडोहची रबडी तर या रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूंना चांगली ठाऊक आहे.

पावसाळ्यात या डोंगरात गवत गुडघ्याच्या वर जाते. दिवाळीपर्यंत ढोरं तुकतुकीत दिसतात. गवत पोटऱ्यात येऊन बी धरते, पाऊस संपतो आणि होळीपर्यंत सगळे रान पिवळे पडते. गवत उभेच असते, जनावर दिवसभर चरतेही, आणि तरी त्याच्या बरगड्या दिसू लागतात. पोट भरूनही ढोर उपाशी कसे राहते?

याचे उत्तर गवतातल्या प्रथिनांत आहे. कोवळ्या हिरव्या रानगवतात साधारण ६ ते ८ टक्के प्रथिने असतात. तेच गवत बी झडून वाळले की प्रथिने २ ते ३ टक्क्यांवर येतात. गाई-म्हशींच्या पोटात काडी पचवणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात, त्यांना काम करायला चाऱ्यात निदान ७ टक्के प्रथिने लागतात. त्याखाली गेले की काडी पचायला वेळ लागतो, पोट रिकामे होत नाही, म्हणून जनावर खायचेच कमी करते. प्रथिने म्हणजे मुळात नत्र. जमिनीत नत्र कमी म्हणून गवतात प्रथिने कमी, आणि गवतात कमी म्हणून जनावर खंगलेले, अशी ही साखळी आहे.

आधी विसावा, मग सुधारणा

सारखी चराई झाली की गोड गवते आधी संपतात. मारवेल, शेडा, पवन्या ही ढोरांच्या आवडीची गवते, त्यांना बी धरायला सवडच मिळत नाही. त्यांच्या जागी कुसळी वाढते. तिखाडी म्हणजे रोशा गवत वासामुळे जनावरे सहसा सोडून देतात, म्हणून तेही पसरते. शेवटी तरोटा माजतो. आपल्या गावच्या ई-क्लास जमिनीवर एक चक्कर मारून पाहा, हीच कथा दिसेल.

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ साली झाला. पुढे २००० सालाच्या आसपास बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून बाहेर वसवली गेली. त्यांची जुनी वावरे मोकळी झाली आणि तिथे कुरणे उभी राहिली. आज त्यांवर चितळ, सांबर, गवे चरतात. गाव सोडणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली, तो विषय वेगळा आणि मोठा आहे. आपल्यापुरता धडा असा की, जमीन तीच आणि पाऊस तोच असला तरी ताण कमी झाला म्हणजे गवत परत येते. म्हणून पहिले काम खर्चाचे नाही. मृगापासून गवताने बी धरेपर्यंत त्या तुकड्यात ढोर घालू नये, लागेल तसे कापून आणावे. हे जमणार नसेल तर पुढचा सगळा खर्च वाया गेला समजा.

गोणीतले नत्र

युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र आले. ओल चांगली असली तर १ किलो नत्रामागे १५ ते ३० किलो वाळलेले गवत वाढते. परिणाम आठ-पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसतो, म्हणून माणसाला युरियाचा मोह होतो.

पण अटी आहेत. कोरड्या जमिनीवर युरिया फेकला तर त्यातला बराच भाग वायू होऊन उडून जातो. उतारावर मोठा पाऊस झाला तर तो नाल्याला लागतो. शिवाय दर पावसाळ्यात गोणी नव्याने आणावी लागते. म्हणून युरिया शोभतो तो पाण्याखालच्या चाऱ्याला. विहिरीजवळ पाच-दहा गुंठे संकरित नेपियर (फुले जयवंत, यशवंत) लावले असेल, तर प्रत्येक कापणीनंतर एकरी अर्धी गोणी युरिया देऊन लगेच पाणी द्यावे. तिथे पैसा वसूल होतो.

मुळावरचे नत्र

तुरीचे किंवा चवळीचे रोप उपटून पाहिले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. गाठ फोडली आणि आत लालसर दिसले की काम चालू आहे असे समजावे.

मात्र शेंग दिसली म्हणून प्रत्येक झाड नत्र देते असे नाही, बरं का! तरोट्याला शेंगा येतात, पण त्याच्या मुळांवर गाठी होत नाहीत आणि ढोरही त्याला तोंड लावत नाही. तरोटा वाढला म्हणून जमीन सुधारली, असा समज करून घेऊ नये.

कोरडवाहू कुरणासाठी सर्वांत सोईचे द्विदल म्हणजे स्टायलो. हलक्या, मुरमाड जमिनीत येते, कमी पावसात तगते, एकदा पेरले की काही वर्षे टिकते आणि बी झडून आपोआप पसरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले क्रांती’ ही स्टायलोची जात दिली आहे. झाशीला १९६२ साली स्थापन झालेल्या चारा संशोधन संस्थेनेही या पिकावर पुष्कळ काम केले आहे. पाणी धरणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मात्र नेहमीचा स्टायलो रुसतो. तिथे आपल्या कुंपणावरचा गोकर्णीचा वेल बरा. गुरे तो आवडीने खातात. धुऱ्यावर दशरथ घासही चालतो.

आता हिशेब पाहा. वाळलेल्या स्टायलोत १२ ते १५ टक्के प्रथिने असतात. एका गाईला दिवसाला ८ किलो वाळलेला चारा लागतो असे धरू. नुसते ३ टक्क्यांचे वाळले गवत दिले तर २४० ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याऐवजी ५ किलो गवत आणि १३ टक्क्यांचा ३ किलो स्टायलो दिला तर १५० अधिक ३९०, म्हणजे ५४० ग्रॅम झाली. हे जवळजवळ ७ टक्क्यांवर आले, आणि ती काडी आता पचू लागते. उन्हाळ्याच्या १०० दिवसांना एका गाईमागे ३०० किलो, म्हणजे १ टन वाळलेल्या स्टायलोत तीन गाई निघतात. तो १ टन तयार होताना हवेतून सुमारे २० किलो नत्र येतो, साधारण एका युरियाच्या गोणीइतका. पाऊसमान बरे असले तर दुसऱ्या वर्षापासून हलक्या जमिनीत एकरी टनभर वैरण अवघड नाही.

हे नत्र शेजारच्या गवताला लगेच मिळत नाही. पाने झडून, मुळ्या कुजून आणि शेण-मुतातून ते जमिनीत जाते. म्हणून पहिल्या वर्षी गवत काळेभोर झाले नाही तर निराश होऊ नका. सगळी वैरण कापून घरी आणत असाल तर शेणखत त्या तुकड्यात परत गेले पाहिजे.

दोन्ही एकत्र का नकोत?

गवत आणि स्टायलो मिसळलेल्या तुकड्यात युरिया टाकला की गवत झपाट्याने उंच होते आणि स्टायलोवर सावली पडते. तयार नत्र हाताशी आले की गाठीही काम मंद करतात. दोन वर्षांत द्विदल हटते आणि आपण पुन्हा गोणीवर येतो. द्विदलाला हवा असतो स्फुरद. म्हणून नियम सोपा ठेवा: पाण्याखालच्या गवताला युरिया, कोरडवाहू कुरणाला द्विदल आणि सुपर फॉस्फेट.

पेरणी कशी करावी

१. एप्रिल-मेमध्ये तरोटा, झुडपे काढून जमीन हलकी खरवडावी. चांगले गवत असेल तर सगळे नांगरू नये, दोन-तीन हातांवर तास ओढावेत.

२. एकरी २ गोण्या (१०० किलो) सिंगल सुपर फॉस्फेट द्यावे. त्यातून गंधकही मिळते.

३. स्टायलोच्या बियाण्याचे कवच टणक असते. ८० अंशांपर्यंत निवलेल्या पाण्यात ४ ते ५ मिनिटे बुडवून मग रात्रभर थंड पाण्यात ठेवावे. उकळत्या पाण्यात टाकू नये, बी मरते.

४. सावलीत सुकवून चवळी गटाचे रायझोबियम चोळावे.

५. पहिल्या चांगल्या पावसानंतर एकरी अडीच किलो बी ओळीत, किंवा ४ किलो फोकून पेरावे. बी बारीक आहे, अर्ध्या पेरापेक्षा खोल जाऊ देऊ नये.

६. पहिली कापणी फुलावर, सुमारे ७५ दिवसांनी करावी. थोडा भाग बी झडण्यासाठी सोडावा.

सावधगिरीच्या गोष्टी

एकाच जातीवर भिस्त ठेवू नका. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात ‘टाउन्सव्हिल स्टायलो’ फार मोठ्या क्षेत्रावर पसरला होता. १९७० नंतरच्या दशकात करपा रोग आला आणि तो साफ बसला. मग रोगाला टिकणाऱ्या दुसऱ्या जाती आणाव्या लागल्या. आपणही दोन-तीन प्रकारचे द्विदल लावावे.

युरिया दिलेल्या चाऱ्यात तीन आठवडे ढोर सोडू नये, आणि युरियाची गोणी कोठ्यापासून दूर ठेवावी. चाटलेला युरिया जनावराचा जीव घेतो.

वाढ्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते, ते जनावराच्या अंगातले कॅल्शियम अडवते. वाढ्यांबरोबर रोज थोडे द्विदल, शिवाय खनिज मिश्रण किंवा चुन्याची निवळी द्यावी.

सेमाडोहसारख्या ठिकाणच्या बांधवांनी हे बी स्वतःच्या वावरात आणि धुऱ्यावरच पेरावे. जंगलात बाहेरचे बी नेऊन टाकू नये. तिथे रानगवते आणि रानवेली आपापल्या जागी आहेत, आणि ती जागा वन्यजीवांची आहे.

सभासद बंधूंनो, सगळे वावर कुरणाला देण्याची गरज नाही. उसाच्या शेताचा एक धुरा, नाल्याकाठचा एक पडीक तुकडा, एवढ्यावर यंदाच्या मृगात सुरुवात करा. शेजारी एक तुकडा तसाच ठेवा आणि पुढच्या होळीला दोन्हीकडचे गवत जनावरापुढे टाका. ते आधी कशाला तोंड लावते यावरून तुमचा निर्णय तुम्हीच करा.